बार्शी लाईटच्या खुणा : कुठे शोधू आणि फोटो कसे काढू?

बोरीबाभळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझं आजोळ बार्शी. मे महिन्याची सुट्टी लागली की आई आम्हा तिघांना घेऊन पुण्याहून कुर्डुवाडीला उतरायची. ट्रंका सांभाळत छोट्या लायनीच्या फलाटावर गेलं की ती उभी दिसायची. बार्शी लाईट. डबे इतके बुटके की मामा दारात उभा राहिला की आत अंधार. चढावर मामा खाली उतरून, कडेच्या शेतातला हरभरा उपटून, पुन्हा त्याच डब्यात चढला होता, अशी कथा आमच्या घरात आहे. मे महिन्यात हरभरा कुठला, हा प्रश्न आईला कधी विचारला नाही.

गेल्या महिन्यात एका लग्नाला बार्शीला गेलो. मोठ्या लायनीची गाडी, पंखे, मोबाईल चार्जिंग, सगळं ठीक. पण खिडकीतून एकही गोष्ट ओळखीची दिसेना. घरी आल्यावर झोप लागली नाही. निवृत्तीनंतर मुलाने बऱ्यापैकी कॅमेरा घेऊन दिलाय, तो आतापर्यंत नातवाच्या वाढदिवसालाच चाललाय. तर ठरवलंय की या कंपनीचं जे काही जमिनीवर उरलं असेल त्याचे फोटो काढायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर आधी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. त्याने १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवर (म्हणजे दोन रुळांत अंतर अडीच फूट) गाडी सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली आणि कंपनी संपली. रूळ मात्र पुढे पन्नासेक वर्षं तसेच अडीच फुटी राहिले. कुर्डुवाडी-लातूर २००८ पर्यंत रुंद झालं, मिरजेकडचा तुकडा त्यानंतर.

प्रश्न दोनच. काय काय उरलंय? आणि फोटोत ते 'दिसेल' असं कसं काढायचं? कारण मी पांगरीजवळ एक फोटो काढला. तो बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "छान आहे, पण बांधाचा फोटो का काढलात?"

---

शेंगाचटणी

वहिनींना दंडवत. धाग्याचं नावच 'बांधाचा फोटो' ठेवा.

वाचनखूण साठवली आहे.

---

नकाशेवेडा

बोरीबाभळी, तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. जिथे मोठी लाईन जुन्याच मार्गावरून गेली तिथे काहीही मिळणार नाही. भराव रुंद केला, मोऱ्या (रुळाखालून पाणी जाणारे छोटे पूल) नव्या बांधल्या, जुनं सगळं पोटात गेलं. जिथे मार्ग बदलला तिथेच जुनं शिल्लक असणार.

सगळ्यात मोठा बदल येडशीच्या पुढे. धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, छोट्या लायनीवर नव्हतंच. जिल्ह्याचं ठिकाण असून रेल्वे नाही ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार. रुंदीकरणात लाईन मुद्दाम तिकडे वळवली. त्यामुळे येडशी ते ढोकीच्या बाजूचा जुना पट्टा मोकळा पडला.

उपग्रहाच्या नकाशात बघा. शेतकऱ्याचा बांध काटकोनात वळतो, ओढा नागमोडी जातो, गाडीरस्ता उगाच कुठेही वळतो. रेल्वेचं वळण एकसारखं असतं, कंपास लावून काढल्यासारखं. चार शेतं सोडून पाचव्या शेतात बाभळींची रांग त्याच वळणात पुढे चालू दिसली की समजा सापडली.

---

बोरीबाभळी

हे भारीच. काल रात्री दोन वाजेपर्यंत तेच करत बसलो होतो. बाभळींची रांग सापडली! (शेवटी नाव सार्थ झालं.)

---

खडीफोड्या

वडील याच लायनीवर गँगमन, नंतर मुकादम. माझं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, म्हणून थोडं खडूस लिहितो, राग मानू नका.

धाग्यात तुम्ही 'कंपनीच्या खुणा' म्हणालात. मग १९५४ नंतरचं काहीही धरू नका. पिवळ्या पाट्या, सिमेंटचे बाक, क्वार्टरच्या भिंतीवरचे आकडे, हे सगळं सरकारी. गंमत म्हणजे सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ दक्षिण मध्य रेल्वेत होता. त्यामुळे कुठे 'द.म.रे.' अक्षरं दिसली तर ती कंपनीच्या मरणानंतरच्या दुसऱ्या मालकाची. लोक अशा पाट्यांचे फोटो काढून खाली 'ब्रिटिशकालीन' लिहितात तेव्हा माझं डोकं फिरतं.

कंपनीचं म्हणाल तर घडीव काळ्या दगडाच्या मोऱ्या, पुलांचे जुने खांब, जोती, विहिरी. इंजिनाला पाणी लागायचं म्हणून विहीर असायचीच. स्टेशन गेलं तरी विहीर जात नाही.

---

कॅमेराकाकू

खडीफोड्या, मुद्दा मान्य, पण इतकी शिस्त लावली तर बिचारे पहिल्याच दिवशी घरी परत येतील.

बोरीबाभळी, माझे चार पैसे :

काळा दगड भर दुपारी कधीही काढू नका. वर आभाळ पांढरं आणि खाली नुसता डांबराचा गोळा येतो. सकाळी साडेसहा ते आठ. ऊन तिरपं असलं की दोन हात उंचीचा भरावसुद्धा सावली टाकतो, आणि ती सावलीच तुमचा फोटो. वहिनींना जो बांध दिसला तो तुम्ही बारा वाजता काढला असणार, पैजेवर सांगते.

दुसरं, हंगाम. आत्ता गेलात तर ज्वारी डोक्याएवढी. भराव, मोरी, काहीच दिसणार नाही. ज्वारी काढली की लगेच जा, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला. एप्रिलनंतर जमीन तापून हवा थरथरते, लांबचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं येतं.

तिसरं, प्रत्येक जागेचे तीन फोटो. एक लांबून, म्हणजे ती वस्तू कुठल्या गावात कुठल्या शेतात आहे ते कळावं. एक मधला. एक अगदी जवळून, दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दिसतील असा, आणि त्यात काडेपेटी ठेवा, आकार कळतो. लोक फक्त तिसरा काढतात. दहा वर्षांनी तो कुठला दगड होता ते त्यांनाच सांगता येत नाही.

---

शेंगाचटणी

काडेपेटी म्हणजे खिशात का असते हा प्रश्न घरी आला तर?

---

कॅमेराकाकू

मग खोडरबर ठेवा. :)

---

लीड्सकर

हा धागा माझ्यासाठीच निघाला की काय! मी सोलापूरचा, सध्या लीड्सला असतो. बार्शी लाईटची पहिली इंजिनं इथल्याच किटसन कंपनीची. हिंदुस्थानात पाठवण्याआधी १८९७ साली कॅलथ्रॉपने इथे न्यूले भागात थोडा रूळ अंथरून इंजिन, डबे, वाघिणी (मालडबे) चालवून दाखवल्या. पाहायला रेल्वेतले, लष्करातले लोक बोलावले होते. म्हणजे बार्शीची गाडी बार्शीच्या आधी लीड्सला धावली. मी एका रविवारी न्यूलेला हिंडून आलो, तिथे मला तरी काही दिसलं नाही. किटसनचा कारखानाही १९३८ ला बंद झाला.

पण खरी गोष्ट पुढे. याच कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली नावाची छोटी लाईन केली. तोच अडीच फुटी गेज, इंजिनं किटसनचीच, पुढे दिवा एवढा मोठा की आमच्या बार्शीच्या गाडीचा धाकटा भाऊ शोभावा. एका इंजिनाचं नावच ई. आर. कॅलथ्रॉप. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद. तीस वर्षं! दूध आणि सुट्टीचे प्रवासी सोडले तर धंदाच नव्हता.

बंद झाल्यावर १९३७ ला त्या मार्गाचीच पायवाट केली. मी सायकलवर गेलोय. एका बोगद्यातून आता मोटारी जातात, हल्म एंडला इंजिनाची शेड आणि तिकीटघर जपलंय. चहा मिळतो, जुने फोटो लावलेत. तिथल्या बाईंना सांगितलं की याच माणसाची दुसरी रेल्वे माझ्या जिल्ह्यात होती आणि ती शंभर वर्षं चालली, तर त्यांनी मला चहा फुकट दिला.

---

तिरकस

बरोबर. त्यांच्याकडे तीस वर्षांत बंद पडली म्हणून ती गोड आठवण झाली. आपल्याकडे शंभर वर्षं चालली, कारण दुसरं काही दिलंच नाही.

मी बार्शीचा आहे, ही गाडी वापरलेली आहे, कौतुक करणाऱ्यांसारखी मे महिन्यात नाही, बारा महिने. दवाखान्यासाठी सोलापूरला जायचं तर आधी कुर्डुवाडी गाठायची, तिथे मोठ्या गाडीची वाट बघायची. व्यापाऱ्याचा माल कुर्डुवाडीला एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जायचा. आषाढीला माणसं टपावर आणि मालाच्या वाघिणीत. मोठी लाईन आली तेव्हा गावात पेढे वाटले गेले, ते कुणी फोटोत धरलं नाही. आता जी मोरी दिसेल तिच्यावर उसासे टाका.

---

बोरीबाभळी

तिरकस, तुमचं खरं आहे. मी पाहुणा होतो, तुम्ही प्रवासी होता. पण उसासे टाकायला नाही निघालो. काय होतं ते दिसावं एवढंच. हमालांचं तुम्ही लिहिलंत ते मला माहीतच नव्हतं, आम्ही त्या वेळी फलाटावर गोळ्या खात असायचो.

---

मिरजमसाला

मिरजेला एके काळी मीटर गेज, नॅरो गेज आणि १९७१ पासून ब्रॉड गेज, तिन्ही होते हो! एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ. लहानपणी आम्हाला वाटायचं सगळीकडेच असं असतं. पुढे पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं की उरलेल्या जगात गरिबी आहे.

आता तिथे जुनं हुडकायला गेलात तर निराश व्हाल, यार्ड पार बदललंय. त्यापेक्षा आरग, सलगरे, ढालगावच्या बाजूला जुन्या माणसांना विचारा. 'नॅरोगेज' म्हणू नका, 'बारकी रेल्वे' म्हणा.

---

व्हीटी_ते_व्हीटी

मी मुंबईत हाच उद्योग जी.आय.पी.च्या बाबतीत करतो. थोडं विषयांतर, पण खडीफोड्या यांच्या नियमावर बोलायचंय.

जी.आय.पी. ही मुंबईकरांची पहिली रेल्वे कंपनी. १८४९ ला इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कायद्याने झाली, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी. सरकारने १९०० सालीच तिची मालमत्ता विकत घेतली, पण कारभार कंपनीकडेच ठेवला. १९२५ मध्ये कारभारही काढून घेतला. तरीही नाव चालूच! मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षं जी.आय.पी. नावाची सरकारी रेल्वे चालत होती. दख्खनची राणी १९३० ची, म्हणजे ती 'कंपनीची' नव्हेच.

तर एखाद्या खांबावर 'जी.आय.पी. १९३०' असं ओतीव अक्षर दिसलं, तर खडीफोड्यांच्या नियमाने ते कंपनीचं की सरकारचं?

---

खडीफोड्या

हम्म.

सरकारचं.

(मनातून कंपनीचं म्हणायचंय, पण आता शब्द दिलाय.)

---

शेंगाचटणी

मुकादमांनी लाल झेंडी खाली केली! धाग्याचा ऐतिहासिक क्षण.

---

व्हीटी_ते_व्हीटी

:) आणि खुणा म्हणजे नुसती अक्षरं नव्हेत. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर दर पावसाळ्यात हजारो लोक भिजत भजी खातात. ते धरण जी.आय.पी.ने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं. दिघ्याजवळ इलठणपाड्यालाही रेल्वेचं इंग्रजांच्या काळातलं धरण आहे. बोरघाटात १८६३ पासून गाड्या खंडाळ्याच्या खाली एका ठिकाणी थांबून, इंजिनाचं तोंड बदलून चढायच्या. ते उलटफेरीचं स्टेशन १९२९ ला नवा मार्ग झाल्यावर सोडून दिलं. त्या अंगाला एक्स्प्रेस वेवरून रोज हजारो गाड्या जातात, मान वर करून बघणारे किती?

फोटोच्या दृष्टीने माझा अनुभव : मुंबई-पुण्याच्या जुन्या स्टेशनांत फलाटाच्या छपरांचे खांब बघा. कितीतरी ठिकाणी जुने रूळच उभे करून खांब केलेत. रुळाच्या मधल्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. रंगाचे वीस थर चढलेत, पण मोबाईलची बॅटरी अगदी बाजूने, खांबाला चिकटवून धरली की अक्षरं वर येतात. समोरून फ्लॅश मारलात तर काही दिसणार नाही.

एक सूचना. फलाटावर मोठा कॅमेरा काढला की कुणीतरी शिट्टी वाजवत येतंच. परवानगीचं आधी विचारून घ्या. आणि चालू रुळांत उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. मला एकदा दोन तास बसवून ठेवलं होतं. दोन तासांनी साहेबांनीच विचारलं, "त्या खांबावर खरंच अठराशेतलं साल आहे?" मग आम्ही दोघंही बघायला गेलो.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या शकुंतलेचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही बाप्पा?

मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळ, एक अचलपूर. तीही अडीच फुटीच. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. शकुंतला हे लोकांचं नाव, कंपनीचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे, कारभार किलिक निक्सन कंपनीचा. आमच्याकडे तुमच्या उलट झालं. तुमची कंपनी गेली आन् गाडी राहिली. आमची कंपनी सरकारने घेतलीच नाही, ते कागद राहिले, गाडी गेली. आता काय काढता फोटो? रूळ हायेत, त्यावर पऱ्हाटीच्या पेंढ्या वाळतात.

बोरीबाभळी, लवकर जा. मी 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणत राहिलो आन् एका स्टेशनचं छप्पर पडलं.

---

चौकस_चिमणी

एक भाबडा प्रश्न. इतके रूळ गेले कुठे? सव्वातीनशे किलोमीटर म्हणजे दोन रूळ धरून साडेसहाशे. लोखंड काही विरघळत नाही.

---

खडीफोड्या

चिमणीताई, प्रश्न भाबडा नाही, नेमका आहे.

कॅलथ्रॉपची सगळी हुशारी वजनात होती. एका आसावर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, इंजिन असो नाहीतर वाघीण. भार जास्त चाकांवर वाटला की हलका रूळ पुरतो. सुरुवातीचा रूळ वाराला तीस पौंडाचा, म्हणजे आपल्या हिशेबात मीटरला पंधरा किलो. नंतर बदलून जड टाकले, तरी मोठ्या लायनीच्या मानाने काडीच. हलका रूळ म्हणजे स्वस्त लाईन, म्हणूनच ती कंपनी उभी राहिली.

पण त्याचाच दुसरा परिणाम असा की तो रूळ मोठ्या लायनीला कशाच कामाचा नाही. गेला लिलावात. भंगारवाल्याने वितळवला तो वितळवला. पण चार माणसं सहज उचलतील असा लांब, सरळ, वाळवी न लागणारा लोखंडी दांडा खेड्यात कशाला लागतो ते तुम्हीच सांगा.

---

पाटलाचा_पोरगा

मी सांगतो. गोठ्याच्या तुळईला.

आमच्या गोठ्याला पाच हायेत. पाहिजे तर पावती दाखवतो, आज्ज्यानं लिलावात घेतल्यात. चोरीचं नाय, आधीच सांगतो. विहिरीवर मोटारीखाली दोन. रुळाखालचा लोखंडी स्लीपर पालथा टाकून वघळीवर पूल केलाय, त्याच्यावरनं ट्रॅक्टर जातो. आन् शाळंत घंटा म्हणून जो तुकडा टांगलाय तो बी त्योच. आवाज एक नंबर.

मी धागा पयल्यापासनं वाचतोय. तुमी समदी मोऱ्या, खांब, विहिरी हुडकालाय. कुणी गोठ्यात बघाना.

---

शेंगाचटणी

आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागा जिंकलात पाटील.

---

नकाशेवेडा

बाभळींची रांग घेऊन बसलो होतो राव मी.

---

खडीफोड्या

पण ही कंपनीची खूण कशी धरायची? वस्तू जागेवरून हलली की तिचा पुरावा गेला. मोरी जिथे बांधली तिथेच आहे. गोठ्यातला रूळ कुठल्या मैलावरचा, कोण सांगणार? उद्या मी पुण्यातल्या जुन्या बाजारातून रूळ आणून दिवाणखान्यात ठेवला तर तीही बार्शी लाईट?

---

कॅमेराकाकू

दिवाणखान्यात ठेवलात तर नाही. गोठ्यात आहे म्हणून आहे. तुम्हीच वर सांगितलंत ना, हलका होता म्हणून लिलावात गेला आणि उचलता आला म्हणून तुळई झाला. कॅलथ्रॉपचा पाच टनांचा हिशेब मोरीत कुठे दिसतो? गोठ्यात दिसतो.

---

खडीफोड्या

विचार करतो.

---

चौकस_चिमणी

अवांतर : कॅलथ्रॉप म्हणजे तोच का पॅराशूटवाला?

---

लीड्सकर

तोच! पहिल्या महायुद्धाच्या काळात 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्यानेच केलं. शिवाय अरबी घोडे पाळायचा. १९२७ ला वारला, त्याच वर्षी तुमची लाईन मिरजेला पोचली.

---

मिरजमसाला

रेल्वे, घोडे, पॅराशूट. माणूस मिरजेचाच असणार.

---

पाटलाचा_पोरगा

बोरीबाभळी काका, येणार असाल तर एक सांगतो. गळ्यात कॅमेरा आन् हातात टेप घेऊन शेतात फिरू नका. लोकास्नी वाटतंय सर्व्हेवाले आले, जमीन जाणार. मागं एकजण आलता, त्याला आमच्या चुलत्यानं दोन तास बांधावर बसवून मोबदला किती ते इचारलं. आधी गावात या, च्या घ्या, पारावर कोण म्हातारं बसलंय त्याला "बारकी रेल्वे कुठनं जायाची" एवढंच इचारा. मग तुमी नको म्हणाला तरी सोडत न्हाईत.

---

बोरीबाभळी

पाटील, ज्वारी काढली की कळवा. येतोच.

---

बोरीबाभळी

(दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.)

जाऊन आलो. चार दिवस, एक भाड्याची गाडी, आणि तिसऱ्या दिवसापासून पाटलांची मोटारसायकल, कारण गाडी जाईल असा रस्ताच नव्हता.

येडशीच्या पुढचा पट्टा नकाशेवेड्यांनी सांगितला तसाच निघाला. सकाळी सव्वासातला भरावाची सावली शेतात पडलेली, मधोमध बैलांची वाट, दोन्हीकडे बाभळी. तो फोटो बायकोला दाखवला. म्हणाली, "हा बांध नाही." मला एवढं प्रशस्तिपत्र पुरे आहे.

दगडी मोऱ्या तीन मिळाल्या. सगळ्यात छोटी सगळ्यात सुंदर. चिऱ्यांच्या सांध्यात टाचणी जाणार नाही. आत शेळ्या बसलेल्या. शेळ्या बाहेर काढून फोटो काढला, मग वाटलं चुकलं, परत यायला सांगितलं तर येईनात. शेवटी शेळ्यांशिवायचाच फोटो आहे. काकू, काडेपेटी ठेवली होती. एका पोराने ती पळवली.

विहीर, खडीफोड्या तुम्ही म्हणालात तशी, आहे. पाणीही आहे. तिच्या कठड्यावर दोऱ्यांच्या खाचा पडल्यात, त्या मी एक तास काढत बसलो होतो. शेजारी एक आजोबा येऊन बसले. त्यांना गाडीचं काहीच सांगायचं नव्हतं, त्यांना कुर्डुवाडीच्या हमालीबद्दल सांगायचं होतं. पाठीवर पोती घेऊन एका वाघिणीतून दुसरीत, सतरा वर्षं. तिरकस, त्यांच्या हातांचा फोटो काढलाय. विचारूनच. तुम्हाला पाठवतो.

आणि गोठा. पाटलांच्या आजी म्हणाल्या, "फोटो काढायचाय तर थांब, म्हशीला धुऊन घेते." म्हैस धुतली. आजींनी स्वतः पातळ बदललं. मग मला उभं कुठे राहायचं तेही त्यांनीच सांगितलं. वर पाच रूळ, त्यातल्या एकाला पाळण्याची कडी अडकवलेली, पाटील स्वतः त्यात झोपलेत म्हणे. बॅटरी बाजूने धरली तशी मधल्या रुळावर अक्षरं उठून आली.

---

खडीफोड्या

साल? साल काय आहे? कारखाना कुठला?

---

बोरीबाभळी

'स्टील' वाचता येतं. त्याच्या आधीचं नाव धुराने आणि चुन्याने माखलंय. मी खरवडू लागलो तर आजी म्हणाल्या, राहू दे, वर मधमाश्या आहेत. साल '१९' एवढं स्पष्ट आहे. पुढचे दोन आकडे भिंतीत गेलेत.

---

खडीफोड्या

म्हणजे ५४ च्या आधीचा की नंतरचा ते कळत नाही.

---

बोरीबाभळी

नाही.

---

खडीफोड्या

वीतभर भिंत फोडली तर दिसेल हो. दोन विटांचं काम आहे. मी येतो छिन्नी घेऊन, परत लिंपूनही देतो.

---

पाटलाचा_पोरगा

च्याला या. छिन्नी घरी ठिवून या.